एकदा म्हणजे हलायचं नाही

ब्रह्मपुरीकडच्या लग्नांत डीजे असा दणदणतो की शेजारच्याची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. अशा गदारोळात मंडपाच्या पार त्या टोकाला दुसरा फ्लॅश धरून बसलेल्या बायकोला हाका मारणार कोण? म्हणून फोटोग्राफर लोकेशनं आणि रंजीतानं उजेडाचीच खूण ठरवून घेतली होती. तिच्या फ्लॅशच्या पायाशी स्लेव्ह बसवलेला असे, काडेपेटीहून लहान डबी. कुठलाही फ्लॅश चमकलेला दिसला की ही डबी आपला फ्लॅश त्याच क्षणी उडवते. ना वायर लागते, ना बटण. लोकेशनं एकदा उडवला तर रंजीतानं हलायचं नाही. लागोपाठ दोनदा उडवला तर उठून यायचं. इतक्या लग्नांत तिनं ही खूण एकदाही चुकवली नव्हती, आणि लोकेश हे चारचौघांत असा मिरवायचा की जणू फ्लॅशचा शोध त्यानंच लावला.

त्या दिवशी मात्र लग्न नव्हतं. वडशाच्या एका नाटक कंपनीचं पोस्टर होतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, आणि पोस्टरवरची नायिका जितकी रडवेली तितकी गर्दी जास्त, असं कंपनीचं म्हणणं. नायिका दिव्यानी ही सासरच्यांनी रानात टाकून दिलेली सून. लोकेशला खरं रान हवं होतं, कातरवेळ हवी होती, आणि तिच्या केसांच्या कडा उजळवणारा मागचा उजेड हवा होता. तो उजेड देणारी रंजीता फोटोत दिसता कामा नये, हे ओघानं आलंच.

गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून तिघं पांदणीनं, बैलगाडीच्या कच्च्या वाटेनं, आत आली. वाटेत समोरासमोरच्या दोन झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर पेट्या बांधल्या होत्या, वनखात्याच्या. पुढून काहीही गेलं की आपोआप फोटो निघतो. तिघं गेली तसा पेटीतला फ्लॅश चमकला.

"सरकारनं फुकटात फोटू काढला आपला," लोकेश म्हणाला. दिव्यानीनं पेटीला वाकून नमस्कार केला. हसतहसतच ती पुढच्या मोकळ्या जागेत पोचली.

"रंजू, तू त्या झुडपामागं बस, पांदणीकडं पाठ करून. खाली वाकून. डोकं दिसलं नाई पायजे."

"वाकून?" रंजीता घुटमळली. "रानात वाकून बसू नोको म्हणते माय."

इकडच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मोहफुलं वेचणारी, सरपण गोळा करणारी बाई खाली वाकलेली असते, तेव्हाच वाघ घात करतो. उभ्या माणसाला जनावर बिचकतं, बसलेल्याला नाही. लोकेशही इथलाच, त्याला काय हे नव्यानं सांगायचं? पण पोस्टर डोक्यात शिरलं होतं.

"दोन मिनटाचं काम हाये. बस."

ती बसली.

पहिले फोटो झकास आले. मग लोकेश दिव्यानीला मान कशी कलती करायची ते सांगत असताना झुडपामागचा फ्लॅश आपोआप उडाला. त्यानं बटण दाबलंच नव्हतं. "स्वस्तातली डबी," तो पुटपुटला. थोड्या वेळानं फ्लॅश पुन्हा उडाला.

"अवं, हात लावून राह्यली का त्याले?" तो खेकसला.

"नाई जी," झुडपामागून आवाज आला. "मी त गपचूप बसून हावो."

"मंग तशीच बस. हलू नोको बिलकूल."

"लोकेशभाऊ, अंधारून येऊन राह्यलं," दिव्यानी म्हणाली. "चला ना आता."

"एकच राह्यला, ताई."

नेमके त्याच्या फ्लॅशचे सेल संपले. तो उकिडवा बसून सेल काढू लागला, आणि झुडपामागं लख्ख उजेड पडला. लागोपाठ दोनदा.

रंजीता उठली. लुगड्याला लागलेला पाला झटकला आणि निवांत चालत निघाली.

लोकेश बघतच राहिला. फ्लॅशचं झाकण उघडं होतं, सेल तळहातावर होते. डबीत काही म्हणता काही बिघाड नव्हता. डबीला दुसरा फ्लॅश दिसला म्हणून तिनं आपला उडवला. झुडपामागं पांदण, आणि पांदणीवर पेट्या. पहिल्यांदा काहीतरी तिथून गेलं. दुसऱ्यांदा परत आलं. आता तिसऱ्यांदा ते पेटीसमोर रेंगाळलं होतं, आणि तेव्हा रंजीता त्याच्याकडं पाठ करून वाकून बसली होती. त्यानंच बसवली होती. वर हलू नको म्हणून दटावलंही होतं.

त्याला भीती तर वाटलीच, पण त्याहून स्वतःची लाज जास्त वाटली. ओरडावं तर ती आधी थांबून मागं बघेल याची त्याला खात्री होती. तिच्या मागचा बांबू हलतोय का, एवढंच तो बघत राहिला. बांबू हलत नव्हता. रातकिडे मात्र केव्हाच बंद पडले होते, आणि हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"झाला का फोटू?" रंजीता जवळ येऊन म्हणाली.

त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "मी नाई बोलावलं तुले," तो कसाबसा म्हणाला, आणि तळहातावरचे सेल तिला दाखवले.

तिनं सेल पाहिले. मग पांदणीकडं पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मंग मले उठवलं कोणं?"

"भाऊ, गाडी त तिकडंच हाये ना?" दिव्यानी कुजबुजली. परत जायला दुसरी वाट नव्हती. पेट्यांच्या मधूनच जावं लागणार होतं.

लोकेश काही बोलणार, एवढ्यात रंजीताच्या हातातला फ्लॅश उडाला. या वेळी एकदाच.

तिघंही जागची हलली नाहीत.