चौदा धाग्यांचा फोटो

फोटो चांगला आला होता, यात वादच नव्हता. सुचितानं तो बुधवारपासून पन्नास वेळा तरी उघडून पाहिला असेल आणि दर वेळी स्वतःवरच खूश झाली होती. सुभद्राबाईची दोन बोटं, बोटांत मिरचीचं पांढरं फूल, मागं धूसर झालेला चेहरा, आणि शेडनेटच्या जाळीतून गाळून आलेलं दुपारचं ऊन. बस. दुसरं काही नाही.

आता 'दुसरं काही नाही' हे काही आपोआप झालेलं नव्हतं. त्यासाठी पोरीनं अख्खी संध्याकाळ फोनवर मान मोडली होती.

सुचिता बुलढाण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. देऊळघाटहून रोज जाऊन येऊन करायची. तिनं फोटोग्राफी हा विषय घेतला तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही, कारण असा विषय असतो हेच कोणाला पटलं नव्हतं. परीक्षेसाठी पाच फोटो द्यायचे होते आणि प्रत्येक फोटोबरोबर एक छापील पान भरायचं होतं. पानावर दोन भाग. वर कंपोझिशन, म्हणजे फोटो काढताना चौकटीत काय ठेवलं, काय नाही. खाली एडिटिंग, म्हणजे काढून झाल्यावर काय बदललं. दोन्हींच्या पुढं एक रकाना, कारण. शनिवारी सकाळी अकराच्या आत सगळं सरांच्या टेबलावर पाहिजे होतं.

चार फोटोंची चार पानं तिनं बसल्या बैठकीला भरली. पाचवा हा सुभद्राबाईचा. सुभद्राबाई म्हणजे तिच्या मोठ्या काकाची बायको, तिची मोठी माय. दहा गुंठ्यांचं शेडनेट, त्यात बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचा प्लॉट. सतरा वर्षं ही बाई मिरचीच्या फुलांची लग्नं लावत आली होती. दुपारून मादी झाडाची बंद कळी चिमट्यानं उघडायची, आतलं नराचं तेवढं काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या नराची भुकटी तिला लावायची, आणि लावली की देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. धागा असला तर ते फळ कंपनीचं. धागा नसला तर ते फळ आपल्या आपण धरलेलं, बिनकामाचं, दिसलं की तोडून फेकायचं. एवढा एकच कायदा, आणि त्या कायद्यावर सगळा प्लॉट उभा.

पण सुचिताच्या फोटोत त्या धाग्यांनी नुसता गोंधळ घातला होता. जिथं तिथं लाल शेपट्या. डोळा फुलावर जायच्या आधी धाग्यावर जाऊन बसत होता. तिच्या प्रेमानंद सरांनी वर्गात सांगितलं होतं, "डोळ्याला बसायला एकच जागा द्या. बाकीच्यांना उठवून लावा." म्हणून तिनं उठवून लावले. फोनवर बोट फिरवत फिरवत एकेक धागा पुसला, त्याच्या जागी हिरवं पान भरलं. गुरुवारी सरांनी फोटो पाहिला, म्हणाले, "वा, स्वच्छ आहे." त्या एका शब्दावर पोरगी जमिनीपासून वीतभर वर चालत घरी आली आणि फोटो स्टेटसला टाकून मोकळी झाली.

शुक्रवारी ती कॉलेजला गेली नाही. पाचवं पान भरायला शेडनेटच्या दाराशी खाट टाकून बसली होती. तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर गोकुळ मोटरसायकलवरून आला. एरवी हा माणूस आधी पाणी मागायचा. आज त्यानं पाणी मागितलं नाही.

"मावशी, धागे कुठं गेले?"

आत तिसऱ्या ओळीत वाकलेल्या सुभद्राबाईनं मान वर केली. "कोनते धागे?"

"झाडाचे. काल सुचितानं स्टेटस टाकलं. मले आवडलं, मी आमच्या ग्रुपवर टाकलं, म्हटलं पहा आमच्या प्लॉटची बाई. आमच्या साहेबानं ते मोठं करून पाह्यलं. म्हने फोटोत पानाआड फळं दिसून राह्यली आन् एकाही देठाले धागा नाही. म्हने हा प्लॉट पास कोनं केला?"

सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "तुह्या साहेबाले म्हना, इथं ये आन् मोज. सतरा वर्षांत माह्या प्लॉटमधी कोनी पान उलटून पाह्यलं नाही."

सुचिताला तर हसूच आलं. एवढंच ना! ती धावत गेली. "गोकुळभाऊ, धागे झाडावर आहेत. मी फोनवर पुसले. हे पहा, हा पहिला फोटो." तिनं मूळचा फोटो काढून दाखवला. त्यात लाल शेपट्या जागच्या जागी होत्या.

गोकुळनं तो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि फोन परत दिला. "पुसता येतात तर लावताही येत असतीन ना धागे. मी कोनता खरा धरू?"

हा प्रश्न सुचिताला कोणी कधी विचारलाच नव्हता. कालपर्यंत तिचे दोन्ही फोटो खरे होते. एक काढलेला, एक सुधारलेला. आता या माणसानं दोन्ही एका झटक्यात खोटे करून टाकले, आणि त्याचं बोलणं कुठं चुकतं तेही तिला सापडेना.

"इचारता कोनाले?" सुभद्राबाई कडाडली. "फोटोत काय पाहता, झाडं समोर उभी हायेत ना? चाला. पहिल्या ओळीपासून."

बाई पुढं, गोकुळ मागं, त्याच्या मागं सुचिता. सुभद्राबाईचा पोरगा सागर आवाज ऐकून मघाशीच मोटर बंद करून आला होता, तोही मागं लागला. दिवाळीपासून सागरचं एकच पालुपद होतं, की आई, तुले आता दिसत नाही, चष्मा बदलला तरी दिसत नाही, घरी बस, फुलांच्या क्रॉसिंगले मी बाया लावतो. सुभद्राबाई त्यावर दर वेळी एकच सांगायची, की ज्या दिवशी माह्या हातचं एक फळ बाद होईल त्या दिवशी मी घरी बसीन. बोलायला सोपं होतं, कारण बाद होतच नव्हतं.

पहिली ओळ बिनचूक. दुसरी बिनचूक. गोकुळ पान उलटायचा, धागा दिसला की पुढं सरकायचा, आणि सुभद्राबाई दर झाडागणिक एकेक टोमणा हाणायची. "नीट पहा, साहेबाले सांगा लागते." "वाकून पहा बाप्पा, अंगात हाड हाय का नाही?" गोकुळही आता ओशाळून हसायला लागला होता.

चौथ्या ओळीत, जाळीच्या कडेच्या झाडापाशी तो थांबला. त्यानं एक फांदी वर केली. मग हसला नाही.

"मावशी, हे तीन."

तीन मिरच्या. करंगळीएवढ्या. देठ उघडे.

सुभद्राबाईनं चष्मा कपाळावर केला, परत खाली केला. फांदी डोळ्याजवळ ओढली. देठावरून अंगठा फिरवला, जसा काही धागा दिसत नसला तरी हाताला लागेल. नाही लागला.

"मी म्हनत नव्हतो?" सागर म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं, उलट मऊच बोलला, आणि त्यानंच ते जास्त लागलं. "आई, राग धरू नको. दिसत नाही तुले."

"हाव," सुभद्राबाई हळूच म्हणाली. "नसन दिसत."

सुचिता मागं उभी होती. ते झाड तिनं ओळखलं होतं. फांदी वर व्हायच्या आधीच ओळखलं होतं. बुधवारी याच फांदीपाशी तिनं मोठ्या मायला उभं केलं होतं. तीन धागे अगदी फुलाच्या पुढं लोंबत होते, कॅमेरा त्यांच्यावरच जाऊन ठरत होता. मोठी माय पाणी प्यायला गेली तेवढ्यात तिनं ते तिन्ही सोडले आणि खाली टाकून दिले. फोनवर पुसलेले धागे तिला रात्री झोपेतही मोजता आले असते, अकरा होते. पण हे तीन तिच्या हिशोबातच नव्हते. ते पुसणं नव्हतंच मुळी, ती तर तयारी होती. खाटेवर पडलेल्या पानावर तिनं वरच्या भागात लिहूनही ठेवलं होतं, 'फोटो काढण्याआधी समोरचे अडथळे दूर केले.' पुढच्या रकान्यात कारण, 'फुलाकडे लक्ष जावे म्हणून.' आणि ते वाक्य तिला फार आवडलंही होतं.

बोलावं तर लागणारच होतं. पण काय बोलावं? मी केलं म्हणावं, तर आत्ताच तिनं सगळ्यांसमोर ठासून सांगितलं होतं की झाडावर धागे आहेत, फक्त फोनवर पुसले. म्हणजे ती खोटं बोलली होती? ती खोटं बोलली नव्हती. तिला आठवलंच नव्हतं. पण हे कोणाला पटणार, तिचं तिलाच पटेना.

"मोठी माय, मी काढले ते."

कोणी मान वळवली नाही. ती परत म्हणाली, जरा मोठ्यानं.

"हे तीन मी काढले. हातानं. बुधवारी."

सागर तिच्याकडं वळला. "सुचे, आईले वाचवायले खोटं नको बोलू. आता तर म्हने फोनवर पुसले."

"ते अकरा फोनवर. हे तीन हातानं."

"वा!" गोकुळ म्हणाला. "अजून किती निघतीन?"

सुभद्राबाई मात्र तिच्याकडं पाहत होती. रागानं नाही. दुकानात नोट उजेडात धरून पाहतात ना, तसं. "इकडं ये. काढले म्हनतं तर सांग. गाठ कशी होती?"

"घट्ट."

"घट्ट तर कोनाचीही रायते."

सुचितानं डोळे मिटले. बोटांना विचारल्यासारखं केलं. "सुटत नव्हती. दोन वेढे होते. मी ओढली तर उलटी आवळली. मग कळलं की तुही गाठ डाव्या अंगाले बसते, आपल्या सगळ्याइच्या उलटी. नखानं खालून उचलली तवा सुटली. अन् एक टोक आखूड होतं, दातानं तोडल्यावानी चपटं."

सुभद्राबाईनं सागरकडं पाहिलं. ही बाई डावखुरी होती, शाळेत दोनच वर्षं गेली, आणि तिथं मास्तरनं मारून उजव्या हातानं लिहायला लावलं तेवढंच. गाठ तिची डावीच राहिली. आणि ती गाठ सोडल्याशिवाय कळत नाही, नुसती पाहून कळत नाही. सागरनं कधी एकही सोडलेली नव्हती.

"दिसते मले," सुभद्राबाई म्हणाली. "ऐकलं का बे? दिसते मले."

सागर मान खाली घालून मोटरीकडं गेला.

मग बाईनं वाकून तिन्ही मिरच्या तोडल्या आणि जाळीबाहेर फेकल्या.

"मोठी माय, काऊन तोडल्या? तुह्याच हातच्या होत्या ना! चांगल्या होत्या!"

"धागा नाही."

"पण मले माहीत हाय ना, मीच काढला."

"तुले माहीत हाय, मले माहीत हाय. मिरचीले कोन सांगन? बी कोनाच्या वावरात जाईन, त्याले कोन सांगन?" तिनं हात पदराला पुसले. "धागा नसलेलं फळ तोडाचं. कोनाच्याही हातचं असो. गोकुळ, लिही, तीन तोडल्या. आन् तुह्या साहेबाले म्हना, पोरीनं फोटोसाठी धागे सोडले, म्हातारीच्या नजरेतून सुटले नाही."

गोकुळनं वहीत लिहिलं, पाणी मागितलं, पिऊन गेला.

मग सुचिताला जे ऐकावं लागलं ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एक वाक्य तेवढं तिच्या डोक्यात अडकून बसलं. "फुलाकडं लक्ष जावं म्हनून धागा काढला म्हनतं. अव, धागा बांधला म्हनून तर ते फूल पाहन्यासारखं हाय. नाही त मिरचीले फुलं काय कमी येतात?"

सुचिता खाटेवर बसली. तिनं वरच्या भागातलं ते आवडतं वाक्य खोडलं. मग खालच्या भागात लिहायला गेली, की तीन धागे काढले. पण ते एडिटिंग नव्हतं, फोटोच्या आधी झालं होतं. परत वर गेली. पण कंपोझिशन म्हणजे काय ठेवायचं ते निवडणं, झाडाचं काही तोडणं नव्हे. मधे तर जागाच नव्हती छापलेली. मूळ फोटो द्यावा म्हटलं, तर मूळ फोटोतही तीन धागे नाहीतच. नवा काढावा, तर ती फळंच राहिली नाहीत. आणि खरं सांगायचं तर पुसलेला फोटो तिला अजूनही सुंदर वाटत होता. हेच तिला सगळ्यात जास्त छळत होतं. तो वाईट दिसला असता तर सोपं गेलं असतं.

तिनं सरांना मेसेज केला. 'सर, फोटो काढण्याआधी वस्तू हाताने काढली तर ती कोणत्या भागात लिहायची?'

सरांचं उत्तर लगेच आलं. 'ते लिहायची गरज नाही. फोटो उत्तम आहे.'

तिनं ते उत्तर परत परत वाचलं. गरज नाही. म्हणजे कॉलेजात कोणाला कळणार नाही. हरकत घ्यायला फक्त ही बाई, जी आत तिसऱ्या ओळीत परत वाकली होती, आणि तिला तर लिहिलेलं वाचायचंही नव्हतं.

शनिवारी साडेदहाला सुचितानं सरांच्या टेबलावर पाचवं पान ठेवलं. दोन्ही भागांच्या मधल्या रेघेवर, बारीक अक्षरांत, तिनं लिहिलं होतं, 'या झाडावर चौदा धागे होते. अकरा मी फोनवर पुसले. तीन हाताने सोडले, त्यामुळे तीन फळं तोडावी लागली.' खाली जोडलेला फोटो तोच होता, स्वच्छ.

सरांनी वाचलं. भुवया वर गेल्या. त्यांनी बोट कारणाच्या रकान्यावर ठेवलं. तो कोरा होता.

"हे राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं नाही, सर," सुचिता म्हणाली. "सुचलं नाही."