नव्या तांदळाचा नंबर

हे २०२१ सालचं. धान घरात आलं होतं, तरी आमच्या चुलीवर अजून जुनाच तांदूळ शिजत होता. आमच्याकडची रीत अशी, की नव्या तांदळातला पहिला वाटा लेकीकडे जातो आणि तो पोचल्याचं कळल्याशिवाय घरात कोणी नवं खात नाही. माझा वाटा माझा भाऊ सायकलवर आणायचा आणि जेवूनच परत फिरायचा. तो घरी पोचला की माहेरी नवं शिजायचं.

माझी मयुरी सुरतेला होती. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून तिचे वडील गुणवंतराव तिचं नाव काढत नसत. तिनेही फोनचा नंबर बदलला. माझ्याजवळ उरला होता एका खोलीचा पत्ता.

शेजारची गोकुळा पुण्याच्या मुलाला, सुरेंद्रला, लाखोळीची डाळ पाठवायला वडश्याच्या कुरिअरवाल्याकडे निघाली होती. मी माझी तांदळाची पिशवीही तिच्याकडे दिली. कुरिअरवाल्याने चिकटपट्ट्यांच्या गुंडाळीवरचे दोन नंबर काढून दोन पिशव्यांना चिकटवले आणि त्याच नंबरांच्या जोडपट्ट्या तिला दिल्या. पट्टीवर ना नाव, ना गाव. तिने दोन्ही पदराला गाठ मारून आणल्या आणि वरची मला दिली.

मी रोज सकाळी तो नंबर मोबाइलवर टाकायची. गुणवंतराव माझ्याकडे पाठ करून दोर वळत बसायचे. नवं तेही खात नव्हते, पण त्याबद्दल बोलत नव्हते. एकदा माझा एक आकडा चुकला आणि असा नंबरच नाही, असं मोबाइलवर आलं. तेव्हा मागे न वळता त्यांनी अख्खा नंबर तोंडपाठ सांगितला.

पार्सल नागपूरहून पुण्याला गेलेलं दिसलं.

"पुण्यात आली काऊन ते?" त्यांनी विचारलं.

मला काय ठाऊक? मयुरीचा पत्ता बदलला असेल, कुरिअरवाल्याने शोधून काढलं असेल, असं आम्ही दोघं धरून चाललो. मग 'मिळाले' असं आलं. मी नवा भात टाकला. त्यांनी दोनदा मागून घेतला. म्हणाले, "आपल्याच राज्यात आली म्हणा."

ताट पुसून व्हायच्या आत गोकुळा दारात. सुरेंद्रचा फोन आला होता, डाळ मिळाली. पण तिच्या पट्टीचा नंबर टाकला तर पार्सल सुरतेला गेलेलं, घेणारं कोणी सापडलं नाही म्हणून परत निघालेलं. "बाई, पट्ट्या बदलल्या वो माह्याकडून," ती म्हणाली.

गुणवंतरावांचा हात ताटातच राहिला. "तिचं पोचलं नाई," ते म्हणाले, "अन् म्या नवं खाल्लं."

पिशवी परत आली तेव्हा आम्ही दोघं वडश्याला गेलो. कुरिअरवाल्याने सांगितलं, शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, म्हणून एक आकडा चुकला तरी कळतं. पण पट्ट्याच बदलल्या तर दोन्ही नंबर खरेच. तो नवी पट्टी काढू लागला, तशी यांनी पिशवीवर हात ठेवला.

"याले नंबर नोको लावू. मी नेतो."

तिथूनच ते सुरतेला जायला गोंदियाच्या गाडीत बसले. जन्मात नागपूरच्या पुढे गेले नव्हते.

परत आले तेव्हा पिशवी रिकामी घडी करून खांद्यावर होती. जुन्या खोलीच्या शेजारणीने पलीकडची गल्ली दाखवली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "जेवूनच आलो."

ते गेले दोन वर्षांनी, पावसाळ्यात. पूर होता, रस्ते बंद होते, मयुरीला वेळेवर येता आलं नाही. नंतर आली, राहिली, परत गेली. फोन करते. पुढच्या साली येते म्हणते. गोकुळा पुण्यात नातवाला सांभाळते आणि तिथल्या तळ्यांत मासे नाहीत म्हणून कुरकुरते. कुरिअरवाल्याच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. मी दुसरीकडून पाठवते.

यंदाही सकाळी 'मिळाले' असं दिसलं. मी भात टाकला. शिजेपर्यंत रस्त्याकडे पाहत होते, कोणी तिच्याकडे जेवून परत येईल म्हणून.