कारागिराच्या मेल जातात कुठे

दोन पाय सारखे नसलेल्या माणसांसाठी बूट करणारा एक कारागीर होता. कुणाचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड, कुणाचा घोटा आत वळलेला, कुणाची बोटं अपघातात गेलेली. अशी माणसं त्याच्याकडे भिंतीला धरून यायची आणि महिन्याभराने भिंत विसरून परत जायची. घराखालच्या दोन खोल्या हाच त्याचा कारखाना. एकीत शिवणयंत्र, कातडं आणि डिंकाचा वास. दुसरीत फळ्यांवर ओळीने मांडलेले लाकडी फर्मे, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या पायाची लाकडातली हुबेहूब प्रत. पन्नाशी ओलांडली तरी कुठला फर्मा कुणाचा हे त्याला चिठ्ठी न वाचता सांगता यायचं.

सांगता यायचं म्हणजे मनात. तोंडाने सांगायचं झालं की पंचाईत. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. समोर माणूस असला तर निभावून जाई, कारण पाय हातात घेतल्यावर बोलण्यासारखं फार काही उरत नसे. फोन मात्र त्याचा सात जन्मांचा वैरी. पहिला शब्द अडकला की पलीकडच्याला वाटायचं लाइन तुटली, आणि तो ठेवून द्यायचा. स्वतःचा धंदा काय हे सांगायच्या आत असे किती फोन बंद झाले, याची गणतीच नव्हती. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची थोरली बहीण म्हणायची, बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तो ऐकून घ्यायचा. शेवटी त्याने दुकानाच्या पाटीवरून फोन नंबर काढूनच टाकला आणि खाली ईमेलचा पत्ता रंगवून घेतला.

ईमेलमध्ये तो वेगळाच माणूस होता. तिथे जीभ आड येत नसे, सगळं काम बोटांचं, आणि त्याच्या बोटांइतकं वळण तर कुणाच्याच हाताला नव्हतं. लांबलचक, मोकळं, मिश्कील लिहायचा. एका आजोबांना त्याने लिहिलं होतं, 'तुमच्या उजव्या पायाला सांगा, डाव्यासाठी थांबायचे दिवस आता संपत आले.' आजोबांनी ती मेल छापून आणली होती आणि बूट घेताना पुनःपुन्हा विचारत होते की हे नक्की तुम्हीच लिहिलंत का.

अशात एकदा महिनाभर त्याच्या कुठल्याच मेलला उत्तर आलं नाही.

चौकशा येत होत्या. तो त्याच दिवशी उत्तर द्यायचा, आणि पुढे सगळं चिडीचूप. मुलांच्या पायांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राने विचारलं होतं, बारा मुलांचे बूट कराल का. अशी मागणी त्याच्याकडे कधी आली नव्हती. दोन दिवस विचार करून त्याने उत्तर लिहिलं. आठवड्याने पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा. केंद्राकडून चकार शब्द नाही. त्याने मनाशी ठरवून टाकलं की त्यांनी कुणाकडून तरी त्याच्याबद्दल ऐकलं असणार. या माणसाला धड बोलता येत नाही, मुलांशी काय बोलणार, असं कुणीतरी म्हणालं असणार. मन चिंती ते वैरी न चिंती. तो कामाला बसायचा, पण सुई हातात नुसतीच धरलेली असायची.

मग एक जुनं गिऱ्हाईक, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, रागारागाने दारात उभा राहिला. दोनदा मेल केली, उत्तर द्यायची रीत नाही का, असं म्हणाला. कारागिराने त्याला खुर्चीत बसवलं आणि संगणकावर स्वतःची दोन्ही उत्तरं उघडून दाखवली. तारीख होती, वेळ होती. पोस्टातला माणूस चष्मा वर करून बघत राहिला. आपल्याला यातलं काहीच मिळालेलं नाही, असं तो शपथेवर सांगायला तयार होता.

हे सगळं जिन्यातून ऐकणाऱ्या ताईने त्याच दुपारी जोडणीबाईंना बोलावलं.

जोडणीबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. आता त्या लहान दुकानदारांचे बिघडलेले ईमेल, प्रिंटर आणि वाय-फाय सरळ करून द्यायच्या. अंगाने भरलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि घाई कशी ती नाहीच. आल्या आल्या त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात काय बदललं? कारागीर म्हणाला, काही नाही. सगळे असंच सांगतात, असं म्हणून बाईंनी त्याच्याकडून आपल्या पत्त्यावर एक मेल पाठवून घेतली आणि आपला फोन काढून बघितला. मेल आली होती, पण थेट स्पॅममध्ये, लॉटरीवाले आणि वजन घटवणारे यांच्या पंगतीला.

"परत आली असती तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "परत आलेलं कळतं तरी. स्पॅममध्ये गेलेलं ना तुम्हाला कळत, ना त्यांना."

त्यांनी त्या मेलची आतली माहिती उघडली. बारीक अक्षरांची लांब पट्टी होती ती, आणि तिच्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की तपासणीत नापास. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मेलचं नाही म्हणत मी, वेबसाइटचं काही झालं का?

कारागीर नाही म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात दारात उभ्या ताईचा चेहरा पडला. झालं होतं असं, की जुन्या वेबसाइटवरचे फोटो तिला अंधारात काढल्यासारखे वाटायचे. भावाला आनंद व्हावा म्हणून तिने गेल्याच महिन्यात गुपचूप दुसऱ्या कंपनीकडून नवी वेबसाइट करून घेतली होती. फोटो आता झकास दिसत होते. एवढंच तिला ठाऊक होतं.

बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी दोघांनाही समजेल असं सांगितलं. दुकानाच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, याची एक यादी त्या नावासोबत इंटरनेटवर ठेवलेली असते. मेल पोचली की घेणारी कंपनी आधी ती यादी बघते. नव्या वेबसाइटवाल्यांनी जुनी यादी पुसली आणि आपली टाकली. त्यांचं नाव तिच्यात आहे, पण तुमची मेल जिच्याकडून जाते त्या कंपनीचं नाही. तुमच्याकडे येणाऱ्या मेलची नोंद मात्र त्यांनी नीट उतरवून घेतली, म्हणून येणं चालू आणि जाणं बंद. म्हणजे महिनाभर तुम्ही स्वतःच्याच नावाने लिहिताय आणि जगाला वाटतंय, हा कुणी तोतया आहे.

ताईने वहीतून पासवर्ड काढून दिला. बाईंनी यादीत एक नाव जोडलं, मग ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. काम पाच मिनिटांचं. आता हा बदल सगळीकडे पोचायला तासभर तरी लागेल, तोवर चहा करा, असं त्या म्हणाल्या.

त्या तासात कारागिराचं लक्ष बाईंच्या चपलांकडे गेलं. उजवी टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली. त्याने विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. बाईंनी ना वाक्य पुरं करून दिलं, ना नजर दुसरीकडे वळवली. त्या कप हातात धरून नुसत्या थांबल्या. प्रश्न पूर्ण आला तेव्हा म्हणाल्या, हो, कंबर दुखते, आणि टाचेमुळे दुखत असेल हे आजवर कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही.

तास झाल्यावर पुन्हा मेल पाठवली. या वेळी ती बाईंच्या मुख्य पेटीत येऊन बसली. ताईने हात जोडले. कारागीर लगेच केंद्राला चौथी मेल लिहायला वळला, तर बाईंनी त्याला थांबवलं.

महिनाभर तुमच्या मेल स्पॅममध्ये पडल्यात, त्या म्हणाल्या. काही ठिकाणी तुमच्यावर विश्वास बसायला अजून थोडे दिवस जातील. ज्यांचं काम अडलंय त्यांना आज फोनच करावा लागेल.

कारागिराने फोन त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी तो परत त्याच्यापुढे सरकवला.

"मी करीन हो. पण पलीकडून विचारलं, वळलेल्या घोट्याला आतून आधार कसा देणार, तर मी काय सांगू? यादी दुरुस्त केली म्हणून?"

त्याने केंद्राचा नंबर लावला. पलीकडे एक बाई हॅलो म्हणाली, आणि त्याच्या घशात पहिलं अक्षर दगडासारखं बसलं. हॅलो, हॅलो. मग टूं टूं. त्याचे कान लाल झाले. ताई पुढे व्हायला लागली तशी जोडणीबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"एक्स्चेंजमध्ये मी एक शिकले," त्या त्याला म्हणाल्या. "लाइनमध्ये खरखर आहे हे आधीच सांगितलं की माणूस थांबतो. न सांगितलं की ठेवून देतो."

कारागिराने कातड्यावर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि एका कागदावर एक वाक्य लिहिलं. वाचताना त्याला जरा सोपं जायचं. पुन्हा नंबर लावला आणि वाचलं, "मी बोलताना अडखळतो, लाइन चालू आहे, ठेवू नका." तेही तीन ठिकाणी अडलं. पण पलीकडची बाई म्हणाली, सांगा, मी आहे.

ती केंद्राची फिजिओथेरपिस्टच निघाली. त्याने आपण कोण ते सांगितल्यावर ती जरा तुटकपणे म्हणाली की आम्ही तीन आठवडे वाट बघितली. त्याने तिला स्पॅम उघडायला सांगितलं. मग बराच वेळ फोनमध्ये फक्त बटणांची टकटक. नंतर ती मोठ्याने हसली. तिसऱ्या मेलमध्ये त्याने लिहिलं होतं, 'मुलांना सांगा, बूट चावणार नाहीत, मी त्यांचे दात आधीच काढतो.' ती वाचून झाली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

पण वेळ टळून गेली होती. बारांपैकी आठ मुलांचं काम दुसऱ्या कारखान्याला देऊन झालं होतं. चार राहिली होती, ज्यांचे पाय बघून त्या कारखान्याने हात वर केले होते. ती कचरत म्हणाली, ती फार अवघड आहेत.

कारागीर दहा मिनिटं बोलला. आधार कुठे द्यायचा, तळातलं बूच किती जाड ठेवायचं, बंद पुढे बांधण्याऐवजी मागून उघडणारा बूट का लागेल. अडखळला तर तिथेच अडखळला आणि पुढे गेला. जोडणीबाई त्या वेळात पिशवी आवरत होत्या. फोन ठेवल्यावर तो घामाने भिजलेला होता, आणि चारही मुलं गुरुवारी येणार होती.

त्या दिवशी त्याने आणखी दोनच फोन केले. एक उचलला गेला नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाने बूट कधीच दुसरीकडून घेतले होते, पण जुन्या जोडाचे तळ बदलून द्याल का, असं त्याने विचारलं. बाकीच्यांना त्याने एकेक मेल लिहिली, आणि आठवड्याभरात उत्तरं येऊ लागली. ताई दोन दिवस त्याच्यापुढे आलीच नाही. शेवटी तोच वर गेला आणि फोटो फार चांगले आलेत म्हणाला. ते खरंही होतं.

गुरुवारी सगळ्यात लहान मुलगी पाय पुढे करायला तयार होईना. आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली. कारागिराने घाई केली नाही. त्याने फळीवरचा सगळ्यात मोठा फर्मा, एका उंच्यापुऱ्या ट्रकचालकाचा, काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि स्वतः बाजूला होऊन कागद कापत बसला. थोड्या वेळाने तिने त्या लाकडी पायाशेजारी आपला पाय लावून बघितला आणि विचारलं, हा कुणाचा?

कारागिराने सांगायला सुरुवात केली. मधे अडला. मुलगी मान तिरकी करून वाट बघत राहिली, आणि तोवर त्याने तिच्या पायाखाली कागद सरकवून भोवती पेन्सिल फिरवायला घेतली होती.