कालव्याचे साहेब

अर्जुनरावांना सायकल येत नव्हती. यात त्यांचा तसा काही दोष नव्हता. सिरसाळ्याजवळच्या बागायतदाराच्या घरात जन्म, शाळेत जायचं तर गड्याच्या खांद्यावर बसून, मिसरूड फुटायच्या सुमाराला बुलेट आणि पुढं चारचाकी. सायकल ही कामावर येणाऱ्या माणसांची वस्तू असते आणि ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात, एवढंच त्यांना सायकलीबद्दल माहीत होतं. साठी ओलांडेपर्यंत तेवढं ज्ञान पुरलं.

मग फ्रान्सहून लेकीचा निरोप आला. तो तुळजाबाईंनी भाकरी थापता थापता दिला.

"राजनंदिनी म्हणतीय, तिकडं लई जुना कालवा हाय. तीनशे वर्षांच्या वरचा. दोन्ही काठांनी झाडी, अन् काठाकाठानं सायकलीची वाट. सकाळी कालव्यानं जायाचं, दुपारी एखादा किल्ला न्हाईतर जुनं देऊळ बघायचं त्यांचं, सांजच्याला मुक्काम. आठवडाभर. म्हणतीय, आप्पांनी यावं."

अर्जुनरावांनी घास तसाच हातात धरला. "त्या कालव्यावर मोटारी किती हायेत?"

"कसल्या?"

"पाण्याच्या. रानात पाणी घ्यायला टाकलेल्या."

"एक बी न्हाई म्हणं. नावा चालत्यात."

"मंग तिथले शेतकरी गप का हायेत?"

तुळजाबाईंनी भाकरी उलटली. "सौरभचे वडील बी चाललेत," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

चार वर्षांपूर्वी राजनंदिनीनं पुण्यात सौरभशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. सौरभ अंबाजोगाईच्या बौद्ध घरातला, शिकलेला, नोकरीला, माणूस म्हणून नाव ठेवायला जागा नाही. अर्जुनरावांनी नाव ठेवलंही नाही. त्यांनी फक्त गावात जाहीर केलं की पोरगी परदेशात शिकायला गेली आहे. तेव्हा ती पुण्यातच होती. पुढं सौरभला फ्रान्सला नोकरी लागली आणि अर्जुनरावांचं निम्मं बोलणं खरं झालं. कुणी विचारलं तर ते "शिकतीय अजून" म्हणायचे. एवढं शिक्षण कलेक्टरनंही घेतलं नसेल. लेकीची आठवण त्यांना रोज यायची, पण ती बोलून दाखवायची सोय त्यांनी स्वतःच बंद करून टाकली होती. आपण हे लग्न चारचौघांत मानलं तर राजकारणात आपल्या मागं असलेली माणसं उठून जातील, अशी त्यांची धास्ती होती. आणि मागची माणसं गेल्यावर अर्जुनराव म्हणजे नेमकं काय उरतं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"मी गाडीनं मागून येतो म्हणावं," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"त्या वाटंवर गाडी जात न्हाई. सायकलच पायजे."

आता सायकल शिकवणार कोण? गावातल्या कुणाला सांगावं तर तो पहिला प्रश्न विचारणार, कशाला? खरं कारण आधीच माहीत असलेला आणि ज्याच्यापासून काही लपवायचं नाही असा एकच माणूस अर्ध्या जिल्ह्यात होता, आणि त्याचं तोंड अर्जुनरावांनी अजून पाहिलं नव्हतं. तो म्हणजे सौरभचे वडील भारतराव. तुळजाबाईंकडे त्यांचा नंबर निघाला. तो त्यांच्याकडे कसा, हे अर्जुनरावांनी विचारलं नाही.

भारतराव अंबाजोगाईला कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. ते जीपच्या टपावर सायकल बांधून आले. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. दोघांनी गावच्या कालव्याच्या भरावावर एकमेकांना नमस्कार केला आणि भारतराव सायकल पुढं करून म्हणाले, "बसा."

अर्जुनराव बसले आणि पडले. पुन्हा बसले. भारतराव कॅरिअर धरून मागं पळत होते. एवढ्यात रानाकडे निघालेला अर्जुनरावांचा गडी प्रविण थांबला. मालक सायकलवर आणि मागं कोणी पांढरपेशा धावतोय, हे दृश्य त्यानं नीट बघून घेतलं.

"मालक, हे कोण?"

उत्तर सोपं होतं. लेकीचा सासरा. अर्जुनरावांच्या तोंडातून निघालं, "कालव्याचे साहेब हायेत. पाहणीला आलेत."

प्रविण लगेच साहेबांकडे वळला. "साहेब, पाणी कधी सुटतंय?"

भारतरावांनी अर्जुनरावांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बघू."

हे उत्तर इतकं साहेबी होतं की प्रविणची शंका तिथंच मिटली.

त्यानंतर रोज उन्हं कलली की शिकवणी सुरू व्हायची. भारतरावांची एक अट होती. नुसती सायकल नाही, राजनंदिनीनं कळवलाय तसा कार्यक्रम पुरा करायचा. कालवा झाला की जुनी वास्तू. त्यामुळं गुडघे फुटलेल्या अर्जुनरावांना घेऊन ते शिवेवरच्या पडक्या बारवेत उतरायचे, पायऱ्या मोजायचे, कोनाड्यातल्या दगडी मूर्तीवरची धूळ रुमालानं पुसायचे. ही बारव अर्जुनरावांच्या बांधाला लागूनच होती. आजवर त्यांनी तिच्यात फक्त रानातले दगडधोंडे टाकले होते. यादवांच्या काळातली असावी, असं भारतराव म्हणाल्यावर अर्जुनरावांना थोडं शरमल्यासारखं झालं, पण त्यांनी घाम पुसायच्या निमित्तानं तोंड लपवलं.

एक दिवस पायरीवर बसून भारतराव म्हणाले, "अर्जुनराव, मला तुम्ही साहेब म्हणता. माझं काही जात नाही, लोक चहा पाजतात. पण तिकडं पोरीसमोर कोण म्हणून ओळख देणार, ते ठरवून ठेवा. तिला हे लागेल. मलाही लागलंच."

अर्जुनराव उठून सायकलवर बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा न पडता पुलापर्यंत गेले. त्याचा आनंद मात्र काही झाला नाही.

इकडं गाव स्वस्थ नव्हतं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं होतं. अशा दिवसांत मोठा माणूस शिंकला तरी त्याचा अर्थ लावतात, आणि इथं तर मोठा माणूस रोज सायकल चालवत होता, सोबत कालव्याचा साहेब घेऊन. शिवशंकर हा अर्जुनरावांचा जुना कार्यकर्ता. आयुष्यभर त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला. त्यानं दोन आणि दोन जोडून पंधरा केले. मालक बंडखोरी करणार, अपक्ष उभे राहणार, चिन्ह सायकल, मुद्दा पाणी. आपल्याला सांगितलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, पण एवढं गुपित राखलं याचा अभिमानही वाटला.

आणि एका संध्याकाळी अर्जुनराव पुलावरून वळून आले तेव्हा भरावावर गर्दी होती. हलगी होती. गुलाल होता. वीसेक जण सायकली घेऊन उभे होते, त्यांतल्या निम्म्यांना टायर नव्हते. तुळजाबाईंनाही कुणीतरी औक्षणाला बोलावून आणलं होतं. शिवशंकर पिवळ्या हाराचं ओझं दोन्ही हातांत धरून पुढं आला.

"मालक, आता लपवू नका. नुसतं हो म्हणा. सगळा गट तुमच्या मागं हाय."

अर्जुनराव सायकलवरून उतरले. हो म्हटलं तर सगळं निभत होतं. सायकल निभत होती, साहेब निभत होता, गट शाबूत राहत होता. भारतराव गर्दीच्या कडेला उभे होते आणि एक म्हातारा त्यांना पाण्याची तारीख विचारत होता. "बघू," भारतराव म्हणत होते, पण त्यांचं लक्ष अर्जुनरावांकडे होतं.

"मी उभा राहणार न्हाई," अर्जुनराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. हलगी थांबली. "मी सायकल शिकतोय ते फ्रान्सला जायाला. माझी लेक तिथं असती. शिकायला न्हाई गेली ती. लगीन झालंय तिचं, चार वर्षं झाली. अन् हे कालव्याचे साहेब न्हाईत. हे भारतराव. तिचे सासरे. माझे व्याही."

एवढं बोलून त्यांनी आभाळ कोसळायची वाट पाहिली.

शिवशंकरनं हाराचं ओझं या हातातून त्या हातात घेतलं. "मालक, ते तर आमाला तवाच कळलंय. सगळ्या गावाला म्हाईत हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून कुणी बोलत नव्हतं. ते सोडा, उमेदवारीचं काय?"

अर्जुनरावांनी एकेक तोंड पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दोघंतिघं पाठ फिरवून आपल्या जीपकडे निघून गेले. बाकीचे थांबले होते, गुलालाचं आता काय करायचं या काळजीत. चार वर्षं त्यांनी लेक ज्यांच्यापासून लपवली, त्यांना ती कधी लपलेली नव्हतीच. तिला माहेर तेवढं उरलं नव्हतं.

त्यांनी शिवशंकरच्या हातातला हार ओढून घेतला, गर्दीतून वाट काढली आणि तो भारतरावांच्या गळ्यात घातला. मग लग्नमांडवात व्याही भेटतात तशी कडकडून मिठी मारली. इस्त्रीच्या शर्टाला गुलाल लागला. हलगीवाल्याला काय चाललंय ते समजलं नाही, पण हार पडला की वाजवायचं हे ठाऊक असल्यानं त्यानं वाजवलं.

"लई उशीर केला मी, भारतराव."

"केला," भारतराव म्हणाले. त्यांनी ते नाकारलं नाही.

"फोन लावा तिला. माझ्याकडं नंबर न्हाई तिचा."

भारतरावांनी लावून दिला. दोनदा घंटी वाजली. "बोला पप्पा," पलीकडून राजनंदिनी म्हणाली, सासऱ्याला म्हणायची तसं, मोकळेपणानं.

"मी आप्पा बोलतोय," अर्जुनराव म्हणाले.

पलीकडून "आप्पा?" एवढंच ऐकू आलं. हलगी जोरात होती म्हणून त्यांनी दुसऱ्या कानावर हात धरला आणि तसेच उभे राहिले.