सुधारलेला बोल्ट

उल्काची लोखंडी प्लेट काही केल्या फुटत नव्हती. फुटत होते ते बोल्ट. १८६०च्या सुमाराला जहाजांच्या लोखंडी चिलखतावर तोफा डागून चाचण्या घेत, त्यांचीच छोटी प्रतिकृती करून ती परदेशातल्या विद्यापीठात प्रयोग करत होती. तोफेऐवजी उंचावरून पोलादी वजन सोडायचं, इतकंच. तीनदा सोडलं. तिन्ही वेळा सागवानावर बसवलेली प्लेट ठणठणीत आणि तिला धरणारे बोल्ट तटातट तुटलेले! शुक्रवारी शेवटची चाचणी. तीही फसली तर प्रोफेसर प्रोजेक्ट गुंडाळणार, तिथे राहायचा विद्यार्थी-पास संपणार आणि बाईसाहेब पुण्याला परत.

मंगळवारी ती पासिर रिस भागातल्या आपल्या फ्लॅटवर आली तेव्हा श्रीनिवासमामा पिठलं ढवळत होता. मामा जहाजावर चीफ इंजिनिअर. जहाज दुरुस्तीला लागलं म्हणून आठवडाभर भाचीकडे उतरला होता.

"तोंड का गं एवढुसं?"

उल्काने तुटके बोल्ट टेबलावर ओतले. मामाने एक उचलून दिव्याखाली फिरवला.

"एवढे जाड कोणी केले?"

"मीच. दर वेळी आणखी जाड."

"जुनं ड्रॉइंग दाखव बघू."

तिने बॅगेतून त्या काळच्या ड्रॉइंगची झेरॉक्स काढली. त्यात बोल्टची दांडी मधे बारीक होती आणि तिच्यावर उल्काची लाल दुरुस्ती.

"नक्कल करणाऱ्याची चूक आहे ती, मामा. मी सुधारून घेतली."

मामाला हसता हसता ठसका लागला. "सुधारून घेतली! अगं, माझ्या इंजिनातले मोठे बोल्ट असेच असतात. दणका बसला की बारीक दांडी अख्खी थोडी ताणली जाते. तू ती जाड केलीस, मग सगळा ताण आट्यांच्या खाचेत. तिथेच तुटणार ना!"

उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने ती ते ड्रॉइंग काढणाऱ्या जुन्या माणसाला वेंधळा समजत होती, आणि ग्रीसने हात काळे करणाऱ्या मामाला काही विचारावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दोन दिवसांत तिने वर्कशॉपमधून नवे बोल्ट करून घेतले, मधे बारीक. शुक्रवारी वजन सुटलं, दणका बसला. प्रोफेसरांनी वाकून बोल्ट तपासले आणि पुढच्या महिन्यात दुप्पट वजन घ्यायला सांगितलं. उल्का धावत फोनकडे गेली.

"मामा, सहाच्या सहा टिकले!"

"टिकणारच. ड्रॉइंग काढणाऱ्याला कळव."

"तो केव्हाच गेला असेल रे."

"मग रिपोर्टात लिही."

तिने लिहिलं. अगदी पहिलंच वाक्य: मूळ ड्रॉइंग बरोबर होतं, चूक माझ्या दुरुस्तीत होती.