नॉर्मनच्या कोपरांची जागा

आमच्या हेल्मशॉ टाउन फुटबॉल क्लबचा जुना मालक क्लब बुडवून पळाला, तेव्हा आम्ही गावकऱ्यांनीच मिळून तो विकत घेतला. तेव्हापासून प्रत्येकाला एक मत आणि उन्हाळ्यात एक दिवस अंगमेहनत. यात गैरसोय एकच. संघ हरला की पूर्वी मालकाला शिव्या घालता यायच्या, आता घालायच्या तर आरशासमोर उभं राहावं लागतं.

या हंगामात तर आरशालाही आमचा कंटाळा आला असेल. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. पण खेळ संपता संपता आमचा गोलकीपर कॅलम याच्या हातातून चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटला आणि आम्ही खालच्या विभागात गेलो. अध्यक्ष जेराल्ड माझ्या चहाच्या टपरीशी येऊन म्हणाला, "विनी, पुढचं वर्ष आपलं." हे तो हरल्यावर दरवर्षी म्हणतो. मी त्याला मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला.

त्याच्या मागे मेव्हिस उभी होती. तिचा नवरा नॉर्मन नाताळानंतर गेला. जन्मभर तो गोलच्या मागच्या लोखंडी कठड्यावर कोपरं टेकून सामने बघत आला आणि मेव्हिस त्याच्या शेजारी. तो गेल्यावरही ती येत राहिली, त्याच्या जागेच्या शेजारी उभी राहत राहिली.

"मी आता यायची नाही गं," ती म्हणाली. "हंगाम पुरा करीन असं त्याला कबूल केलं होतं, तो केला. संघ जिंकेल ही आशा त्याची होती. मी आपली त्याच्याबरोबर यायचे."

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "बिस्किट घेतेस का?" ती गेल्यावर मला माझाच इतका राग आला की उरलेली बिस्किटं मी एकटीने खाल्ली.

मग कामाचा दिवस उजाडला. त्या दिवशी ज्याला जे जमेल ते तो करतो. कुणी गवताचं बी पेरतं, कुणी खुर्च्या धुतं, कुणी कठडा रंगवतं. फक्त कठड्यावरच्या दोन जागा कुणी रंगवत नाही. नॉर्मनच्या कोपरांनी तिथला हिरवा रंग घासून घासून गेलाय आणि आतलं लोखंड चकाकतं. तिथे कुंचला गेला की तो खेकसायचा, "हात लावू नका, कमावलंय मी ते." हे कुठे लिहिलेलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

कॅलमला ठाऊक नव्हतं. तो आमच्याकडे नवीन. त्या गोलनंतर त्याने गावात तोंड दाखवलं नव्हतं. त्या सकाळी मात्र तो सगळ्यांच्या आधी आला आणि मी चहाचा बंब पेटवेपर्यंत अख्खा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार करून मोकळा झाला.

"दोन हात मारलेत," तो मला म्हणाला. शाबासकीची वाट बघत होता बिचारा.

मी तोंड उघडणार, एवढ्यात फाटकातून मेव्हिस आली. अंगात चर्चला जायचा पांढरा कोट.

"कामाला नाही आले," ती म्हणाली. "त्याच्या जागेवर एकदा हात ठेवते आणि निघते. मग पुन्हा नको."

"आधी चहा घे."

"नको."

"अगं, केक आणलाय मी."

"विनी, बाजूला हो."

मी बाजूला झाले. ती कठड्याशी गेली आणि थांबली. जेराल्डने टोपी काढली. तोवर कामाला लागलेल्या सगळ्यांचे हात थांबले. कॅलमने मला हळूच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. धावत जाऊन तो रंग खरवडायचा पत्रा घेऊन आला.

"मी खरवडून काढतो, मेव्हिस. आत्ता काढतो. मला खरंच माहीत नव्हतं. आधी तो गोल आणि आता हे."

 मेव्हिसने हात रंगावर धरला होता, पण टेकवत नव्हती.

"खरवडून कसं चालेल?" ती शेवटी म्हणाली. "रंग घासूनच जायला हवा. ओला आहे का रे?"

"हो, अजून ओला आहे."

तिने दोन्ही कोपरं कठड्यावर टेकवली. त्या पांढऱ्या कोटासकट.

"समोरच्याने पेनल्टी मारायच्या आधीच तू डावीकडे कलतोस," ती गोलकडे बघत म्हणाली. "शेवटी शेवटी नॉर्मन दर शनिवारी हेच ऐकवायचा मला."

"कलतो खरा," कॅलम म्हणाला.

"मग कलू नकोस."

आणि मग ती रडली. नॉर्मन गेल्यापासून आमच्यासमोर पहिल्यांदाच. कॅलम रंगाने माखलेले हात घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला, आणि जेराल्ड "पुढचं वर्ष" म्हणायला गेला तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला.

ती परत येईल की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ऑगस्टमध्ये खालच्या विभागातला पहिला सामना झाला. ऊन रणरणत होतं आणि मेव्हिस त्याच कोटात आली, कोपरांवर हिरवे डाग घेऊन. ती शेजारी नाही, नॉर्मनच्याच जागेवर उभी राहिली. कॅलमने न कलता एक पेनल्टी अडवली. तरी आम्ही दोन गोलांनी हरलोच. माणसं पांगल्यावर मी तिला चहा नेऊन दिला. ती बोटाने कठडा घासून बघत होती.

"रंग मेला भलताच पक्का निघाला," ती म्हणाली. "घासून जायला वर्षं लागतील."

"मग गं?"

"मग काय. पुढच्या शनिवारी जरा लवकर येते."