एकोणीस रेघा

यान आजीने नाटकात वाजवायच्या काशाच्या थाळीच्या काठाला टेकवलेली छिन्नी उचलून पुन्हा मांडीवर ठेवली.

"नाही. हिला अक्षर मिळायचं नाही."

"आई, चालेल की," देशान चाचरला. लेकाच्या हातातला हातोडा अजून थरथरत होता.

"चालायला ती काय म्हैस आहे?"

आजीला आयुष्यात एकच अक्षर येत होतं: छ्यांग. काशाच्या खणखणत्या नादाचं जुनं अक्षर, एकोणीस रेघांचं. नवऱ्याने बोट धरून राखेत गिरवून घेतलेलं. आवाज आधी टणक उठून मग उमलत गेला, तरच ते काठावर कोरायचं.

तो सूर बसवणारा शेवटचा घाव भट्टीच्या खोलीत, दार लावून, घरच्या पुरुषानेच घालायचा, ही यानांची रीत. सून आत जायची ती भाता ओढायला. आजी बाहेर बसून ऐकायची. आज नाटक मंडळीच्या मा मास्तरांनी घाव डोळ्यांनी बघायचा हट्ट धरला, म्हणून थाळी अंगणात आली होती. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच बसकी बोलली होती.

"मावशी, उद्या जत्रा आहे," मास्तर उठले. "मी शहरातली यंत्राची घेतो."

"घ्या की! सेनापतीच्या प्रवेशाला भांडीवाला आल्यासारखं वाटेल."

तेवढ्यात हुइचिन चुलीपासून उठून आली. पिठाचे हात कमरेला पुसून तिने नवऱ्याच्या हातातून हातोडा घेतला.

"अगं ए, लाटणं नव्हे ते!" सासू कडाडली.

सुनेने ऐकलंच नाही. थाळी फिरवून तिने मध्याच्या जरा खाली अंगठ्याने चाचपलं आणि एकच घाव घातला. मग टोला दिला.

नाद भिंतीसारखा ताठ उभा राहिला, मग उलगडत नासपतीच्या झाडावरून पलीकडच्या गल्लीत गेला. मास्तर खाली बसले.

आजी हलली नाही. हा हात तिच्या कानाला पाठ होता. माझ्या लेकाचा हात म्हणून तिने तो चार वर्षं गावभर मिरवला होता.

"कधीपासून?"

"यांची बोटं थरथरायला लागली तेव्हापासून," हुइचिन म्हणाली.

"मीच म्हटलं, आईला सांगू नकोस," देशान जमिनीकडे बघत पुटपुटला.

आजीने थाळी मांडीवर ओढली. छिन्नी टेकवली. पहिली रेघ, दुसरी, तिसरी. एकही घाईने नाही.

"देशान, मास्तरांना चहा टाक," मान वर न करता ती म्हणाली. "आणि हिलाही."